वजनाच्या पुढ्यात

आमच्या बँडचा आवाज आता प्रगल्भ झालाय, असं कुणीतरी छापलंय. चांगलं दोन पानं भरून छापलंय. त्यात ड्रमवाल्याच्या दाढीवर अख्खा परिच्छेद आहे आणि माझ्या सुनेवर अर्धी ओळ. ते वाचून माझं डोकं जे सणकलं ते अजून ठिकाणावर आलेलं नाही, म्हणून मी हे लिहायला घेतलं. ज्यांना दाढीत रस असेल त्यांनी खुशाल तिकडे जावं.

आमचा बँड म्हणते खरी, पण मी त्यात काही वाजवत नाही. तो माझ्या गोदामात जन्मला, माझ्या विजेवर पोसला आणि माझ्या हातचं खाऊन माजला. एवढा हक्क मला पुरतो.

गोदाम आमच्या धंद्याचं. अवजड यंत्रं हलवायचा आमचा पिढीजात धंदा. छापखान्याची यंत्रं, पोलादी तिजोऱ्या, एकदा तर बेकरीची भट्टी, आतल्या राखेसकट. जिथे क्रेनची मान शिरत नाही तिथे आमची माणसं शिरतात. यंत्राखाली लोखंडी पाइप सरकवायचे, यंत्राला बांधलेला दोर समोरच्या भिंतीतल्या कप्पीतून फिरवून बाजूला घ्यायचा, तिथे माणसांची रांग, आणि एकाने हाकारा द्यायचा. "धराऽऽ" म्हटलं की सगळ्यांनी दोर ताणून उभं राहायचं, "घ्या!" म्हटलं की ओढायचं. झालं, एवढीच आमची विद्या. पण ते "धरा" किती लांबवायचं हे कुणी आधी सांगू शकत नाही. पाइप सरकवणाऱ्याचा हात बाहेर आला का, पाइप तिरका तर बसला नाही, रांगेत कुणाचा पाय घसरतोय का, हे सगळं बघत बघत ते लांबवायचं, आणि सगळं जागेवर दिसलं की मगच तोंडातून "घ्या" काढायचं.

त्यात माझ्या सासऱ्यांनी घालून दिलेला एक नियम आहे. हाकारा देणाऱ्याने वजनाच्या पुढ्यात उभं राहायचं. बाजूला नाही, मागे तर नाहीच, यंत्र जिकडे सरकणार बरोबर तिथे. भलत्या वेळी "घ्या" म्हणालात तर पहिला नंबर तुमचाच. म्हणून तर ओढणारी माणसं हाकाऱ्यावर शंका घेत नाहीत. कानावर पडलं की हात चालतात, डोक्याला विचारायला जात नाहीत.

सासऱ्यांच्या मागे हाकारा माझ्याकडे आला. माझे यजमान गोड गळ्याचे. गोड गळ्यावर माणसं डोलतात, ओढत नाहीत. मी पहिल्यांदा पुढ्यात उभी राहिले तेव्हा रांगेत खसखस पिकली होती, पहिल्याच "घ्या!"ला ती विझली. पुढे कितीतरी वर्षं मी त्या माणसांना ओढायला लावलं, आणि एक दिवस गळ्यात गाठ निघाली. ती काढली. डॉक्टरीण म्हणाली, "आजी, आता ओरडायचं नाही." मी म्हटलं, "घरात तरी?" ती म्हणाली, "घरात तर मुळीच नाही." तिला आमचं घर काय ठाऊक!

तेव्हापासून हाकाऱ्याला माणूस नव्हता. माझे धाकटे दीर, आमच्या टोळीचे मुकादम, कसंबसं ओढून नेत होते. भावजींचा हात सोन्याचा, यंत्राखाली पाइप सरकवावा तर त्यांनीच, पण आवाज म्हणाल तर दार किरकिरल्यासारखा.

याच सुमारास आमच्या चिरंजीवांनी गोदामाच्या मागच्या अर्ध्या भागात बँड काढला. चिरंजीव गिटारवाले. धंद्यात हात घालायचे नाहीत, कारण बोटं. "आई, बोटं गेली तर माझं सगळं गेलं." दोराला म्हणून त्याने कधी हात लावला नाही. बरोबर दोघं मित्र, ड्रमवर रेडा आणि बेसवर मुका. रेडा अंगाने तसा म्हणून, आणि मुका बोलायचा नाही म्हणून. पहिल्या दिवशी तिघं वाजवू लागले तेव्हा मला वाटलं वरचं पत्र्याचं छप्पर उतरलं. धावत गेले.

"काय पडलं?"

"काही नाही आई. हे गाणं आहे. व्हायकिंग मेटल."

"म्हणजे?"

"व्हायकिंग म्हणजे जुन्या काळचे दर्यावर्दी. बर्फाच्या मुलखातले. लांब होड्या, वल्ही, वादळं, लढाया. त्यांच्यावरची गाणी."

"तू कधी होडीत बसलायस?"

"नाही."

"पोहता येतं?"

"आई, हे संगीत आहे."

"म्हणजे नाही येत."

बँडचं नाव ठेवलं होतं काळं वल्हं. त्या वेळचा त्यांचा आवाज म्हणजे भांड्यांच्या मांडणीवर म्हैस सोडावी तसा. नुसती घाई. तिघं तीन दिशांना पळताहेत आणि गाणं मध्येच सांडलंय. गायचा चिरंजीवच, म्हणजे डोळे वटारायचा. एवढ्या घाईत हे दर्यावर्दी जाणार तरी कुठे, असं मला वाटायचं.

मग लग्न करून सून आणली. मुलगा रंगाच्या दुकानात जायचा, तिथे ती डबे चढवायची-उतरवायची. खांद्याने भक्कम, बोलायला कमी. आवाज उपजत घोगरा. माहेरी जन्मभर "हळू बोल, हळू बोल" ऐकून ती बिचारी कुजबुजायलाच लागली होती. एका दुपारी मी तिला म्हटलं, त्यांना जेवायला बोलाव. ती गोदामात गेली. म्हणाली, "जेवायला चला." कुणी ऐकेना. पुन्हा म्हणाली. ड्रम धडाडतोय. तिसऱ्यांदा जवळ जाऊन म्हणाली. रेड्याने मान हलवली ती तालावर. तेव्हा तिने छाती भरून घेतली आणि जी काय गर्जना केली, "जेवायला चलाऽऽ!", तिने छपराची धूळ खाली आली. रेड्याच्या हातातल्या काठ्या पडल्या. मुका म्हणाला, "आईशप्पथ." तेवढंच मी त्याला बोलताना ऐकलं असेन.

मी इकडे स्वयंपाकघरात उभी. हातातला डाव तसाच. मनात म्हटलं, सापडला माझा हाकारा. आणि तिकडे चिरंजीव म्हणत होते, सापडली आमची गायिका. त्या एका ओरडण्यावर घरात दोघांनी हक्क सांगितला. शेवटी तिनेच तोड काढली, "सकाळी आईंचं काम, संध्याकाळी तुमचं."

पुढ्यात कसं उभं राहायचं, पोटातून कसं काढायचं, "धरा"ला नजर कुठे ठेवायची, सगळं मी तिला दाखवलं. ओरडून नाही, मला ओरडायची बंदी, खांद्याला धरून. पोरीला लवकर उमगलं. भावजी म्हणाले, "वहिनी, तुमच्यापेक्षा लांब दम आहे तिचा." मी त्यांच्याशी दिवसभर बोलले नाही. पण होतं खरं.

आणि ती बँडमध्ये गेल्यावर त्यांचा आवाज बदलला. घाई गेली. एका गाण्यात वादळात होडी ओढून काढायचा प्रसंग होता, त्यात तिने आपला हाकाराच घातला. "धराऽऽ" म्हणायची आणि थांबायची. रेडा काठ्या उगारून ताटकळलेला.

"वहिनी, नक्की कधी म्हणणार घ्या?"

"बघून."

"काय बघून?"

"तुला बघून. तुझे खांदे अजून वर आहेत."

रेड्याला तिच्याकडे बघत वाजवायला शिकावं लागलं. मग मुका शिकला, मग चिरंजीव. जसे आमचे लोक दोर ताणून वाट बघतात, तसे ते तिघं वाजवता वाजवता वाट बघायला लागले आणि "घ्या!"ला एकदम कोसळायला लागले. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हां, आता काहीतरी वजनदार हलतंय. अशा गाण्यांचा अल्बम त्यांनी गोदामातच रेकॉर्ड केला, साखळ्यांच्या खणखणाटासकट. लोकांना आवडला. बाहेरगावचे लोक ऐकायला यायला लागले. केस सोडलेली, काळे कपडे घातलेली मुलं दारात येऊन मला विचारायची, "हाकारा देणाऱ्या बाई इथेच राहतात का?" मी म्हणायची, "दोघी राहतात."

आता गुळगुळ्याकडे येते.

गुळगुळ्या म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीने पाठवलेला निर्माता. डोकं गुळगुळीत, बोलणं गुळगुळीत, बूटसुद्धा तसे. आल्या आल्या मला म्हणाला, "मावशी, काय जागा आहे हो तुमची!" मी म्हटलं, "मला भाचे नाहीत." हसला. अपमान अंगाला चिकटतच नव्हता त्याच्या, वरच्यावर घसरून जायचा.

त्याचं म्हणणं, बँडचा आवाज पुढे जायला हवा. सगळीकडचे व्हायकिंगवाले पुढे गेलेत. कुणी बासरी घेतली, कुणी गायकवृंद घेतला, आणि हे अजून साखळ्या बडवताहेत. मग व्हायोलिन आलं. गाण्याच्या सुरुवातीला ऐकूही येणार नाही अशी लांबलचक शांतता आली. आणि गायला एक गोड गळ्याची मुलगी आली. मुलगी गुणी होती, तिला मी बोल लावत नाही. पण वारा आला तर जिला धरून ठेवावं लागेल, तिच्या खांद्यावर फर टाकून तिला होडीच्या टोकाशी उभी केली आणि फोटो काढले. माझी सून, जी एका हाताने पहार फिरवते, ती त्या फोटोत रेड्याच्या दाढीच्या मागे अर्धी.

तरी मी गप्प होते. पण मग त्याने सुनेला आपल्या स्टुडिओत नेलं, काचेच्या खोलीत उभं केलं आणि तिच्याकडून दिवसभर "धरा" आणि "घ्या" म्हणवून घेतलं. पुढ्यात वजन नाही, दोर नाही, माणूस नाही. घरी आली ती उतरलेल्या चेहऱ्याने. म्हणाली, "आई, कुणाला म्हणत होते तेच कळेना."

ते सगळं त्याने कॉम्प्युटरवर कापलं आणि एका मापाचं केलं. "धरा" ठरावीक लांबीचं, "घ्या" ठरावीक ठिकाणी, घड्याळासारखं. आणि त्यानंतर एका जेवणाच्या वेळी चिरंजीव ताटात बघत म्हणाले, "ते म्हणतायत, कार्यक्रमांत तिचा आवाज मशीनवरून वाजवू. म्हणजे हिला दौऱ्याची दगदग नको."

सुनेचा घास हातात राहिला. "म्हणजे मी येणार नाही."

"तुझा आवाज येणार की."

"माझ्याशिवाय?"

"अगं, असं करतात हल्ली. आवाज पुढे जायचा तर..."

"आवाज पुढे जातोय की मी मागे राहतेय?"

मला राहवलं नाही. डॉक्टरणीची आठवण आली, ती बाजूला सारली. "तिचा गळा काढून घेता आणि तिला घरी बसवता? उद्या हात काढून घ्याल आणि म्हणाल, बाकीची राहू दे, भांडी मशीन घासेल! अरे, सासू म्हणून मी तिला असं कधी छळलं नाही, तू नवरा असून..."

"आई, तुला यातलं कळत नाही."

"मला यातलं कळत नाही? मग तो हाकारा काय तुझ्या बर्फाच्या मुलखातून आला?"

तो ताटावरून उठला. वाईट माणूस नाही हो माझा मुलगा. पण कुणी चार वेळा "प्रगती" म्हणालं की त्याला वाटतं आपणच मागासलेले. सून मात्र सकाळी नेहमीसारखी येऊन यंत्राच्या पुढ्यात उभी राहायची. फक्त तिचं "धरा" थोडं आखूड झालं होतं. ते मला ऐकू यायचं. पुन्हा कुजबुजायला लागते की काय ही, या विचाराने मला घास गोड लागेना.

गाणं पक्कं व्हायचा दिवस ठरला. गुळगुळ्याला ते शेवटचं गोदामातच ऐकायचं होतं, म्हणाला, "जिथे जन्मलं तिथेच ऐकू." तो आणि आमची तिघं पोरं ऐकणार, होय म्हणणार आणि मग त्यात बदल नाही. म्हणजे त्या दिवशी माझ्या सुनेचा निकाल. त्याने सकाळीच मोठाले स्पीकर आणून मागच्या भिंतीशी लावले.

आणि नेमकं त्याच वेळी छापखान्याचं यंत्र येऊन दारात उभं राहिलं. संध्याकाळी यायचं ते सकाळी आलं. ट्रक अडवून ठेवता येत नाही. यंत्र दारातून आत घेतलं, पाइपांवर चढवलं, दोर कप्पीतून फिरवला, माणसं रांगेत लागली. मी मागे जाऊन गुळगुळ्याला सांगितलं, "आमचं काम आटपेपर्यंत तुमचं बंद."

"नक्की, मावशी. अगदी बारीक ठेवतो. नुसता तोल बघतो दोन्ही बाजूंचा."

"बारीक नाही. बंद."

"बंदच समजा."

त्याचं "समजा" मी समजून घ्यायला हवं होतं, पण तेवढ्यात भावजींनी हाक मारली आणि मी पुढे आले. गोदामात कसलाच आवाज नव्हता. नव्या गाण्याची सुरुवात म्हणजे ती लांबलचक शांतता, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात यावं? जुनं गाणं असतं तर पहिल्याच ठोक्याला छप्पर हललं असतं आणि साऱ्यांना कळलं असतं की वाजतंय.

सून पुढ्यात उभी राहिली. भावजी गुडघ्यावर बसून यंत्राच्या पुढच्या कडेखाली पाइप सरकवत होते. सुनेची नजर त्यांच्या हातावर. तिने सुरू केलं, "धराऽऽ". दोर ताणला गेला. पाइप थोडा तिरका बसला म्हणून भावजींनी पुन्हा आत हात घातला. ती लांबवत होती.

आणि मागून, स्वच्छ, खणखणीत, तिच्याच आवाजात आलं, "घ्या!"

माणसांनी ओढलं. ओढणारच. त्यांचा काय दोष? रोज सकाळी ज्या आवाजावर ओढलं तोच आवाज.

यंत्र दचकून पुढे आलं. भावजी ओरडले. आणि मागून पुन्हा "धरा", मापाचं, आणि लगेच "घ्या!" भिंतीला टेकलेला तो आवाज, त्याला ना भावजींचा हात दिसत होता ना पुढ्यातली बाई. रांगेतले निम्मे पुन्हा वाकले.

"थांबाऽऽ!"

हे सुनेने काढलं. त्या काचेच्या खोलीत तिने जे दिलं होतं त्यातलं हे नव्हतं. हे माझ्या गळ्यातून कधी आलं नाही आणि सासऱ्यांच्याही नाही. ती जागची हलली नव्हती. यंत्राची कड तिच्या पोटापासून वीतभर. दोर तसाच्या तसा गोठला. स्पीकर आपला म्हणतोय, घ्या, घ्या. पण एक माणूस हलला नाही. खोटं कुठलं आणि खरं कुठलं, हे आता कानांना कळलं होतं.

मी मागे धावले आणि भिंतीतली वायर अशी उपटली की खटक्याची पाटीच हातात आली.

भावजींना बाजूला घेतलं. हातमोजा पाइपाखाली अडकून फाटला होता, दोन बोटांची सालं निघाली होती, मनगट सुजायला लागलं होतं. हात शाबूत होता. भावजी हसायचा प्रयत्न करत होते. "वहिनी, मोजा गेला. नवा घेऊन द्या." मी म्हटलं, "दोन घेऊन देईन, आधी बसा."

एवढ्यात गुळगुळ्या आला, आणि त्याचा चेहरा, देवा, फुललेला होता.

"बघितलंत? माणसांनी खरंच ओढलं! म्हणजे आवाज काय खरा उतरलाय, बघा! हे मी स्वतः..."

मी पहार शोधत होते. खोटं कशाला सांगू, शोधत होते. पण सून मध्ये आली.

"माझा आवाज काढा त्यातून."

"अहो वहिनी, आज अपघात झाला, मान्य. पण गाण्यात तर..."

"जिथे मी पुढ्यात उभी नाही तिथे माझं 'घ्या' चालणार नाही. गाण्यात नाही, कार्यक्रमात नाही, कुठेच नाही. काढा."

"मग गाण्यात राहील काय?" गुळगुळ्या म्हणाला आणि पहिल्यांदाच घाबरला, कारण ते त्यालाही ठाऊक होतं.

सून चिरंजीवांकडे बघत होती. रेडा आणि मुकाही त्याच्याकडे बघत होते, आणि दोर धरून उभी असलेली आमची सगळी रांगही. यंत्र अर्धवट पाइपावर, तिरकं. ते तसं सोडता येत नव्हतं, पाइप सरळ करायला कुणीतरी खाली हात घालायलाच हवा होता. आणि हात घालणारे भावजी भिंतीला टेकून बसले होते.

चिरंजीवांचा चेहरा पिठासारखा पांढरा. मला वाटलं, आता हा गुळगुळ्याशी काहीतरी बोलेल, मधला मार्ग काढेल, त्याची सवयच ती. पण त्याने अंगठी काढून रेड्याच्या हातात दिली. भावजींचा दुसरा हातमोजा उचलला, घालून बघितला, होईना, तसाच टाकून दिला. मग यंत्रापुढे येऊन गुडघ्यावर बसला आणि ती आपली बोटं, जी त्याने उभ्या आयुष्यात दोराला लागू दिली नव्हती, उघडीच्या उघडी यंत्राखाली घातली.

"दे हाकारा," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता, पाइपाकडे बघत.

सून पुढ्यात उभी राहिली. तिने छाती भरून घेतली.

"धराऽऽ"

काय लांबवलं हो तिने! त्याला पाइप सरळ करता येईना, नवशिका तो. एकदा डावीकडे ढकलला, एकदा उजवीकडे. माणसं दोर ताणून घामाघूम. भावजी बसल्या जागेवरून "अंगठा वर, अंगठा वर" पुटपुटताहेत. तिचा आवाज वर चढला, घोगरा झाला, फाटला, पुन्हा सांधला, पण सुटला नाही. मी माझाच श्वास धरून ठेवला होता आणि मला वाटलं, मी पडते आता. पाइप बसला. त्याने एक हात काढला. दुसरा काढला. दोन्ही हात वर करून तिला दाखवले, लहान मूल दाखवतं तसे. तिने दहाही बोटं नीट बघून घेतली.

"घ्या!"

यंत्र सुतासारखं सरळ गेलं.

गुळगुळ्याने आपले स्पीकर आवरले. जाताना म्हणाला, "मोठी संधी घालवताय." चिरंजीव म्हणाले, "उचलायला माणसं देऊ का?" बस, एवढंच बोलणं झालं. नव्या अल्बमचं काम पुन्हा आमच्या गोदामात झालं. व्हायोलिन ठेवलं, ते मलाही आवडतं. ती गोड गळ्याची मुलगीही राहिली. फर काढून आली, सुनेच्या शेजारी उभी राहते आणि हल्ली बऱ्यापैकी जेवते. हाकारा सून देते, प्रत्येक वेळी तिथल्या तिथे, समोर उभी राहून.

आणि त्या गाण्यात आता मध्येच एक जागा आहे. ड्रम थांबतो, गिटार थांबते, सगळं थांबतं आणि ती एकटी "धराऽऽ" म्हणत राहते, इतकं लांब की ऐकणारा खुर्चीच्या कडेवर येतो. त्या छापणाऱ्याने त्या जागेचं फार कौतुक केलंय. म्हणतो, "गिटारवादकाचा हा धाडसी प्रयोग, आणि त्याला गायिकेची चांगली साथ." ती अर्धी ओळ ही.

प्रयोग कसला डोंबलाचा! त्याची बोटं होती खाली.